क्रॉन की सिस्टमडी टाइमर? आधी ठरवा, काम चुकलं तर कोणाला कळणार

प्रश्न थोडक्यात असा. कळमना बाजारातल्या एका अडत दुकानाचं संगणकाचं सगळं काम तुम्ही एकट्याने सांभाळता. गादीमागच्या खोलीत एक जुना टॉवर सर्व्हर आहे, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली. हिशेबपट्ट्या, हमाली, तोलाई, उधारी सगळं त्यातल्या डेटाबेसमध्ये. दुसरा एक छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतला आहे. रात्री २ वाजता डेटाबेसचा बॅकअप घेऊन क्लाउडवर पाठवायची ओळ तुम्ही क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉन या प्रोग्रामच्या यादीत, टाकली. हाताने चालवली की चालते, रात्री मात्र कधी चालते, कधी नाही. एक मित्र म्हणतो क्रॉन जुनाट झालं, सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) टाइमर वापर. दुसरा म्हणतो चालत्या क्रॉनला हात लावू नको. काय निवडायचं आणि कसं लावायचं?

तुमच्या प्रश्नात एक वाक्य ओघात आलं आहे, पण मी तिथेच थांबलो. "उन्हाळ्यात शेठजी जाताना मेन स्विच पाडून जातात." रात्री २ वाजता सर्व्हर चालूच नसेल, तर क्रॉन काय करणार? क्रॉन दर मिनिटाला उठून पाहतं की या मिनिटाला कोणतं काम लागलं आहे. ज्या मिनिटाला मशीन बंद होतं, ते मिनिट त्याच्या लेखी कधी आलंच नाही. सकाळी ९ वाजता मशीन सुरू झाल्यावर ते मागे वळून पाहत नाही. ज्या रात्री स्विच पाडायचं राहिलं, त्या रात्रीचा बॅकअप झाला. हे माझं अनुमान आहे, पण तपासणं सोपं आहे. "लास्ट रीबूट" ही आज्ञा चालवा आणि मशीन केव्हा केव्हा सुरू झालं त्या तारखा बॅकअपच्या तारखांशी ताडून पाहा.

(आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. मशीनवर टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे.)

मी नागपुरात सर्व्हर सांभाळण्याचं काम वीस वर्षांहून जास्त करतो आहे. इतवारीतल्या पेढ्यांपासून धंतोलीतल्या दवाखान्यांपर्यंत बरीच यंत्रं हाताखालून गेली. नवा माणूस हा विषय घेऊन आला की तो साधनापासून सुरुवात करतो, क्रॉन की टाइमर. मी त्याला आधी तीन गोष्टी विचारतो. ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल तर काम सोडून द्यायचं की नंतर करायचं? पहिलं काम संपायच्या आत दुसऱ्याची वेळ आली तर काय? आणि काम झालंच नाही, तर ते कोणाला, किती तासांत कळेल? या तिघांची उत्तरं मिळाली की साधन आपोआप ठरतं.

तिसरा प्रश्न मी का धरून बसतो, ते आधी सांगतो.

एका ग्राहकाकडे रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप लागलेला होता. ओळ साधी होती. डेटाबेसची प्रत काढणाऱ्या मायएसक्यूएलडंपचं आउटपुट पाइपमधून (एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला देणारी जोडणी) मजकूर दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे, आणि जीझिपचं फाइलमध्ये. ओळ मीच लिहिली होती. रोज तारखेची नवी फाइल तयार व्हायची, फोल्डर उघडलं की ओळीने फाइली दिसायच्या, सगळे निश्चिंत. मे महिन्यात त्या सर्व्हरची डिस्क गेली. पारा ४५ च्या पुढे, खोलीतला कूलर दोन दिवस बंद होता. बॅकअपची फाइल उघडायला घेतली आणि तिचा आकार पाहिला. २० बाइट. आदल्या दिवशीची, २० बाइट. त्याच्या आदल्या दिवशीची, २० बाइट. तीन महिने मागे जाईपर्यंत तेच. तीन महिन्यांपूर्वी कोणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. तेव्हापासून मायएसक्यूएलडंप रोज रात्री नापास होत होतं, एक अक्षरही बाहेर टाकत नव्हतं. जीझिप मात्र आपलं काम इमानदारीने करत होतं. रिकामा मजकूर दाबून ठेवला की जीझिपची फाइल बरोबर २० बाइटची होते. आणि पाइपच्या ओळीचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरतो, म्हणून शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हिशेबात रोज रात्री सगळं यशस्वी. चूक झाल्याचा संदेश क्रॉनने रूटच्या (मुख्य वापरकर्त्याच्या) टपालपेटीत टाकलाही होता. ती पेटी कोणी उघडत नव्हतं, मीही नाही.

त्या ग्राहकाच्या दोन मुलींनी अकरा दिवस बसून कागदी बिलांवरून नोंदी पुन्हा चढवल्या. त्या खोलीत मी रोज जाऊन बसत होतो. तेव्हापासून माझ्या लेखी नुसती वेळ लावलेलं काम हे लावलेलं कामच नाही. ते चुकल्यावर कोणाचा तरी फोन वाजला पाहिजे.

आता साधनांकडे येऊ.

क्रॉन १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून आहे, आणि आज लिनक्सवर जी घराणी दिसतात त्यांचं मूळ १९८७ साली पॉल विक्सी यांनी लिहिलेल्या क्रॉनमध्ये आहे. इतकी वर्षं टिकलेली गोष्ट जुनाट म्हणून टाकून द्यावी असं मला वाटत नाही. एका ओळीत पाच रकाने, मिनिट, तास, तारीख, महिना, वार, आणि पुढे आज्ञा. कुठल्याही लिनक्सवर जा, ही ओळ वाचता येते. दर दहा मिनिटांनी तात्पुरत्या फाइली झाडायच्या आहेत, वेबवरच्या ॲप्लिकेशनला दर मिनिटाला टोचायचं आहे, एखादी फेरी चुकली तरी पुढची ते भरून काढते, अशा कामाला क्रॉन उत्तम. तुमच्या क्लाउड सर्व्हरवर अशा ओळी असतील तर त्या तशाच राहू द्या. केवळ नवीन आहे म्हणून सगळं टाइमरवर नेणं म्हणजे आठवडा घालवून नव्या चुका विकत घेणं.

पण क्रॉनच्या काही खोड्या आहेत. "हाताने चालतं, क्रॉनमधून चालत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा त्यातच सापडतं. तुमच्या बाबतीत मेन स्विच हे मोठं कारण असलं, तरी याही तपासून घ्या.

पहिली खोडी वातावरणाची. तुम्ही लॉगिन करून आज्ञा देता तेव्हा तुमच्या बॅश प्रोफाइलमधलं (लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या सेटिंगमधलं) सगळं हाताशी असतं. क्रॉन तुमचं प्रोफाइल वाचत नाही. डेबियनवर त्याचा शेल म्हणजे साधा एसएच, आणि पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी, फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन. तुमची स्क्रिप्ट /यूएसआर/लोकल/बिनमधलं काही हाक मारत असेल तर क्रॉनला ते सापडणारच नाही. उपाय साधा आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहा, पाथ स्वतः लिहा, फाइलींचे पत्ते मुळापासून पूर्ण द्या.

दुसरी टक्केवारीची. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतं आणि पुढचा भाग आज्ञेला इनपुट म्हणून देतं. फाइलच्या नावात तारीख घालायला सगळे डेट आज्ञेला टक्के लावतात, आणि नेमकं तिथेच काम अडतं. टक्क्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्या. त्याहून चांगलं म्हणजे असलं काही क्रॉनटॅबमध्ये लिहूच नका. स्क्रिप्ट वेगळी, क्रॉनटॅबमध्ये फक्त तिचं नाव.

तिसरी तारीख आणि वार यांची, आणि ही भल्याभल्यांना फसवते. समजा तुम्हाला दुसऱ्या शनिवारी काही चालवायचं आहे, बँका बंद असतात म्हणून. दुसरा शनिवार म्हणजे ८ ते १४ तारखेतला शनिवार, म्हणून तुम्ही लिहिता:

० ११ ८-१४ * ६

वाचताना वाटतं, ८ ते १४ आणि त्यातही शनिवार. क्रॉन मात्र तारीख आणि वार दोन्ही दिले असतील तर "किंवा" असं वाचतं. हे काम ८ ते १४ रोज चालेल आणि शिवाय महिन्यातल्या प्रत्येक शनिवारी चालेल. वसुलीचे संदेश पाठवणारं काम असं लावलं असेल तर गावोगावच्या शेतकऱ्यांचे फोन दुकानात यायला लागतील. क्रॉनमध्येच करायचं असेल तर वार रकान्यात तारा ठेवा आणि आज शनिवार आहे का हे स्क्रिप्टच्या सुरुवातीला तपासा. सिस्टमडीमध्ये मात्र "सॅट *-*-०८..१४ ११:००" असं लिहिलं की अर्थ "आणि" असाच होतो, सरळ.

आणखी दोन लहान गोष्टी, पटकन. /ईटीसी/क्रॉन.डेली फोल्डरमध्ये ठेवलेल्या फाइलीच्या नावात टिंब असेल, म्हणजे शेवटी टिंब एसएच लावलं असेल, तर डेबियन ती मुकाट्याने वगळतं. आणि क्रॉनटॅब आज्ञेला यादी बदलायच्या -ई ऐवजी -आर दिलं की सगळी यादी न विचारता पुसली जाते. कीबोर्डवर ही दोन अक्षरं शेजारी आहेत. मी म्हणूनच वैयक्तिक क्रॉनटॅब वापरणं सोडलं. कामं /ईटीसी/क्रॉन.डी मध्ये फाइल करून ठेवा, त्या फाइली गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ठेवा. तिथे वेळेच्या पाच रकान्यांनंतर वापरकर्त्याचं नाव लिहावं लागतं हे विसरू नका.

आता वेळेचा प्रश्न, कारण क्लाउडवर तुम्हाला तो भेटणारच. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. रोजचं काम असेल तर वजाबाकी करून भागतं, आपले रात्रीचे २ म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे २०:३०. पण महिन्याचा अहवाल १ तारखेला रात्री २ वाजता काढायचा असेल तर? तिथे तेव्हा आदल्या महिन्याची शेवटची तारीख असते, कधी २८, कधी ३०, कधी ३१. क्रॉनच्या पाच रकान्यांत "शेवटची तारीख" लिहायची सोय नाही. वजाबाकी करत बसू नका. टाइमडेटसीटीएलने सर्व्हरचा टाइमझोन एशिया/कोलकाता करा आणि क्रॉनची सेवा एकदा पुन्हा सुरू करा. सर्व्हर यूटीसीवरच ठेवायचा काही कारणाने आग्रह असेल, तर सिस्टमडीच्या नव्या आवृत्त्यांत ऑनकॅलेंडरच्या (टाइमरची वेळ सांगणाऱ्या) ओळीच्या शेवटी एशिया/कोलकाता लिहिता येतं आणि तेवढं एक काम आपल्या वेळेने चालतं.

वेळेवरून आठवलं, तुमच्या टॉवरच्या मदरबोर्डवरचा सेल तपासा. सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. मेन स्विच रोज पडतो अशा मशीनमध्ये तो संपला की सकाळी घड्याळ भलत्याच सालात उघडतं, आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत सगळ्या वेळापत्रकाचा गोंधळ होतो. सेल बदला आणि टाइमडेटसीटीएल चालवून घड्याळ जुळलेलं असल्याची खात्री करा. स्विचबद्दलही शेठजींशी एकदा नीट बोला. चालू डेटाबेसची वीज अशी तोडणं बरं नाही. यूपीएस असेल तर "नट" नावाचं मोफत सॉफ्टवेअर बसवा. यूपीएसची बॅटरी उतरायला लागली की ते सर्व्हरला नीट बंद करतं.

आता तुमच्या दुकानातल्या सर्व्हरचं. तिथे मी सिस्टमडी टाइमरच लावीन. कारण माझ्या तीन प्रश्नांतल्या पहिल्याला तुमचं उत्तर "मशीन सुरू झाल्यावर करा" असं आहे, आणि त्यासाठी टाइमरमध्ये एका ओळीची सोय आहे, "पर्सिस्टंट=ट्रू". काम शेवटचं केव्हा चाललं याची खूण सिस्टमडी डिस्कवर ठेवतं. मशीन सुरू झालं, मधली वेळ हुकलेली दिसली, की ते काम लगेच चालवतं. चार वेळा हुकलं असेल तरी एकदाच चालवतं, आणि तेच हवं. हे काम ॲनाक्रॉननेही होतं, पण ॲनाक्रॉन दिवसाच्या हिशेबात विचार करतं. रोज, आठवड्याला, महिन्याला असं. दिवसातून दोनदा म्हटलं की ते उपयोगाचं नाही, आणि तुम्हाला दिवसातून दोनदाच लागणार आहे.

कारण रात्री २ ही वेळच तुमच्या दुकानाला लागू नाही. ही वेळ मोठ्या कंपन्यांच्या सवयीतून आली आहे, जिथे मशीन चोवीस तास चालू असतं. तुमच्याकडे सकाळी लिलाव, मग काटा, मग पट्ट्या. पहिला बॅकअप दुपारी जेवणाच्या वेळी घ्या आणि दुसरा संध्याकाळी रोजमेळ जुळल्यावर, दुकान बंद व्हायच्या आधी. दिवसा घेतला तर डेटाबेस अडकेल ही भीती असेल, तर मायएसक्यूएलडंपला "सिंगल-ट्रान्झॅक्शन" हा पर्याय द्या. तक्ते इनोडीबी प्रकारचे असतील तर कुलूप न लावता एका क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं आणि पट्ट्या फाडणं चालू राहतं.

टाइमरला दोन फाइली लागतात, एक काय करायचं ते सांगणारी आणि एक केव्हा करायचं ते सांगणारी. दोन्ही /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम या फोल्डरमध्ये. पहिली, बॅकअप.सर्व्हिस:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=हिशेबाचा बॅकअप
वाँट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट मारियाडीबी.सर्व्हिस
ऑनफेल्युअर=कळवा.सर्व्हिस

[सर्व्हिस]
टाइप=वनशॉट
यूजर=हिशेब
एक्झेकस्टार्ट=/ऑप्ट/काम/बॅकअप
टाइमआउटस्टार्टसेक=४०मिन
नाइस=१०

दुसरी, बॅकअप.टाइमर:

[टाइमर]
ऑनकॅलेंडर=मन..सॅट १३:३०
ऑनकॅलेंडर=मन..सॅट १९:४५
पर्सिस्टंट=ट्रू

[इन्स्टॉल]
वाँटेडबाय=टाइमर्स.टार्गेट

आफ्टरच्या ओळीला महत्त्व आहे. हुकलेलं काम सकाळी मशीन सुरू होताच चालेल, आणि तेव्हा डेटाबेस (इथे मारियाडीबी) अजून उठलेला नसेल किंवा इंटरनेट आलेलं नसेल तर बॅकअप नापास होईल. म्हणून "हे दोघं उठल्यावर" असं सांगून ठेवायचं. टाइमआउटही सोडू नका. वनशॉट प्रकारच्या कामाला मुळात वेळेची मर्यादा नसते, अडकलं तर दिवसभर अडकून राहील. आणि एक काम चालू असताना त्याच टाइमरची पुढची वेळ आली तर सिस्टमडी दुसरं सुरू करत नाही. संत्र्याचा आंबिया बहार जोरात आला की नोंदी वाढतात, एरवी सहा मिनिटांत होणारं काम पंचवीस मिनिटं घेतं, तेव्हा हीच गोष्ट कामी येते. क्रॉनमध्ये हे आपल्याला करावं लागतं. आज्ञेच्या आधी "फ्लॉक -एन" आणि एका कुलपाच्या फाइलचं नाव लिहायचं. आधीचं काम चालू असेल तर नवं लगेच माघार घेतं, आणि काम मध्येच मेलं तरी कुलूप आपोआप सुटतं. स्वतः पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) लिहून केलेल्या कुलपांच्या भानगडीत पडू नका, मेन स्विच पडल्यावर ती तशीच राहतात.

सिस्टमडीचीही एक खोडी सांगून ठेवतो. एक्झेकस्टार्टची ओळ शेलमधून जात नाही. तिथे पाइप किंवा बाण लिहिले तर ते नुसते शब्द म्हणून आज्ञेला जातील. आणि टक्क्याचं चिन्ह इथेही विशेष आहे, ते दोनदा लिहावं लागतं. म्हणून पुन्हा तेच, स्क्रिप्ट वेगळी ठेवा.

फाइली ठेवल्यावर "सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड", मग "सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ बॅकअप.टाइमर". एनेबल टाइमरला करायचं, सर्व्हिसला नाही. ही चूक मी अजूनही दर महिन्याला कोणाच्या ना कोणाच्या मशीनवर पाहतो. वेळ बरोबर लिहिली आहे का हे आधीच पाहायचं असेल तर "सिस्टमडी-ॲनालाइझ कॅलेंडर" या आज्ञेला तुमची ओळ अवतरणात द्या, "--इटरेशन्स=५" लावा, पुढच्या पाच तारखा वारांसकट समोर येतात. क्रॉनमध्ये अशी सोय असती तर दुसऱ्या शनिवारचे घोळ झालेच नसते.

पण मला टाइमर आवडण्याचं खरं कारण दुसरंच आहे. "सिस्टमसीटीएल स्टार्ट बॅकअप.सर्व्हिस" असं आत्ता, दुपारी, तुमच्या समोर चालवलं, तर ते काम नेमक्या त्याच वापरकर्त्याने, त्याच पाथने, त्याच मर्यादांत चालतं ज्यात ते ठरलेल्या वेळी चालणार आहे. "हाताने चालतं, रात्री चालत नाही" हा अख्खा वर्गच नाहीसा होतो. आणि नंतर "जर्नलसीटीएल -यू बॅकअप" म्हटलं की प्रत्येक फेरीचं बोलणं वेळेसकट वाचता येतं. क्रॉनचं आउटपुट ईमेलने जातं, आणि सर्व्हरवर ईमेल पाठवणारं काही बसवलेलंच नसेल तर डेबियन ते फेकून देतं आणि फेकल्याची एक ओळ लॉगमध्ये टाकतं. किती जणांनी ती ओळ वाचली असेल?

आता स्क्रिप्ट. सुरुवातीला "सेट -ईयूओ पाइपफेल". यातलं पाइपफेल म्हणजे पाइपमधला कोणताही तुकडा नापास झाला तर सगळी ओळ नापास. त्या २० बाइटच्या फाइली या एका शब्दाने पहिल्याच रात्री पकडल्या असत्या. पण एवढ्यावर थांबू नका. जीझिपची स्वतःची तपासणी, "जीझिप -टी", रिकाम्या फाइललाही पास करते, कारण ती फाइल जीझिप म्हणून निर्दोषच असते. म्हणून डंपची शेवटची ओळ पाहा. मायएसक्यूएलडंप काम पूर्ण झालं की शेवटी "डंप कम्प्लीटेड ऑन" असं लिहून तारीख टाकतं. झेडकॅटने फाइल उघडून टेल -१ ने शेवटची ओळ काढा, त्यात हे शब्द नसतील तर स्क्रिप्ट नापास करा. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, तपासणी झाल्यावरच खरं नाव द्या आणि मगच क्लाउडवर पाठवा. अर्धवट फाइल खऱ्या नावाने कधीच दिसता कामा नये.

ऑनफेल्युअरमध्ये लिहिलेली "कळवा" ही सर्व्हिस म्हणजे एक लहान स्क्रिप्ट, जी तुमच्या फोनवर टेलिग्रामने संदेश टाकते. पण ती फक्त चालून नापास झालेल्या कामाबद्दल सांगेल. जे काम चाललंच नाही, ज्या दिवशी सर्व्हर सुरूच झाला नाही, इंटरनेटची तार उंदराने कुरतडली, त्या दिवशी ती गप्प असेल. बंद पडलेलं मशीन स्वतःबद्दल काय सांगणार?

म्हणून पहारा दुसऱ्या बाजूने हवा, आणि तुमच्याकडे क्लाउडचा सर्व्हर आहेच. तिथे एक ओळ क्रॉनमध्ये लावा, सोमवार ते शनिवार रात्री ९ वाजता. तिने बॅकअपच्या फोल्डरमध्ये फाइंड चालवायचं, गेल्या ३ तासांत आलेली आणि १ एमबीहून मोठी फाइल आहे का. फाइंडला ते "-एममिन -१८०" आणि "-साइझ +१एम" असं सांगतात. मात्र फाइल पाठवताना आरसिंकला (फाइली दुसऱ्या मशीनवर नेणारी आज्ञा) मूळ वेळ जपायला सांगितलं असेल तर दोन्ही मशीनची घड्याळं जुळलेली हवीत. सापडली तर गप्प. नाही सापडली तर तुमच्या फोनवर संदेश. १ एमबी हा आकडा मी अंदाजाने लिहिला, तुमची फाइल एरवी जेवढी असते त्याच्या निम्म्यावर ठेवा. दुकान सुट्टीला बंद असेल त्या दिवशी संदेश येईल, येऊ द्या. दिवाळीत एक जास्तीचा संदेश आला तर बिघडत नाही. आणि हा पहारेकरी स्वतः झोपला तर? त्यासाठी हेल्थचेक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, किंवा तसल्या सेवा आहेत. काम यशस्वी झालं की कर्लने एक पत्ता ठोठावायचा, ठरल्या वेळेत ठोठावला गेला नाही तर ती सेवा तुम्हाला कळवते. तुम्ही एकटे असाल तर हेही लावा, कारण लग्नाला गोंदियाला गेलात तर मागे पाहणारं कोणी नाही.

सगळे बारा वाजताच काम लावतात, हे एक टाळा. क्लाउडवर तुमच्या शेजारच्या भाडेकरूंचीही कामं ०० मिनिटाला सुटतात आणि डिस्क गुदमरते. ४७ मिनिटं, १३ मिनिटं असे आडवे आकडे घ्या. बरेच सर्व्हर असतील तर टाइमरमध्ये "रँडमाइझ्डडिलेसेक" देता येतं, तुम्हाला गरज नाही. टाइमरची अचूकता मुळात १ मिनिटाची असते, तेही तुमच्या कामाला पुरेसं आहे. एकदाच, आज रात्री, एवढ्यापुरतं काही चालवायचं असेल तर "ॲट" ही आज्ञा आहे, त्यासाठी क्रॉनमध्ये ओळ टाकून ती उद्या काढायची आठवण ठेवू नका. ती राहून जाते आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला चालते.

उद्या सकाळी दुकानात गेल्यावर क्रमाने एवढं करा. जुनी क्रॉनची ओळ आधी काढा, नाहीतर दोन बॅकअप एकमेकांच्या अंगावर येतील. दोन फाइली ठेवा, रीलोड, एनेबल, एकदा हाताने स्टार्ट. मग "सिस्टमसीटीएल लिस्ट-टाइमर्स" पाहा. तिथे लॉगरोटेट, ॲप्ट यांचे टाइमरही दिसतील, ते डेबियनचे आहेत, त्यांना हात लावू नका. तुमच्या टाइमरच्या ओळीत "नेक्स्ट" रकान्यात १३:३० दिसलं पाहिजे. त्यानंतर मुद्दाम डेटाबेसचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये चुकीचा लिहा आणि पुन्हा स्टार्ट करा. तुमचा फोन वाजला पाहिजे. तो वाजेपर्यंत दुकानातून निघू नका. वाजल्यावर पासवर्ड नीट करा, आणि शनिवारी संध्याकाळी वेळ काढून क्लाउडवरची एक फाइल दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उतरवून तिच्यातून डेटाबेस उभा करून पाहा. मागच्या आठवड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याची हिशेबपट्टी त्यात शोधा आणि कागदावरच्या पट्टीशी रुपया-पैशासकट जुळवा.